वाइनच्या कपाटात सिगार

सिगार घरच्या फ्रीजमध्ये ठेवला की वाळतो आणि भर उन्हाळ्यात नुसत्या कपाटात ठेवला की त्याला कीड लागण्याची भीती असते. या दोन अडचणींमधून अमेरिकेतल्या हौशी लोकांनी एक वाट काढली. वाइनच्या बाटल्या ठेवण्याचा छोटा कूलर घ्यायचा, आतल्या तारेच्या जाळ्या काढायच्या, त्या जागी लाकडी खण बसवायचे, ओलावा धरणारं काहीतरी आत ठेवायचं आणि त्याचं सिगारचं कपाट करायचं. सिगारच्या पेटीला ह्युमिडॉर म्हणतात, म्हणून वाइन आणि ह्युमिडॉर जोडून या कपाटाला 'वाइनॅडॉर' असं नावही पडलं. पुढे काही कंपन्यांनी तीच कल्पना उचलली आणि लाकडी खणांचे तयार कूलर सिगारसाठी म्हणून विकायला काढले.

मी टेक्सासात, डॅलसजवळ राहतो. अशी दोन कपाटं मी स्वतः केली. पहिलं फसलं, दुसरं अजून चालू आहे. तिसरं मुंबईत, मावसभावाच्या पार्ल्याच्या घरी भर पावसाळ्यात पाहिलं आणि त्या एका भेटीत मला या प्रश्नाबद्दल जितकं कळलं तितकं आधीच्या काही वर्षांत कळलं नव्हतं. यंत्र कुठलं घ्यावं यावर लोक तावातावाने बोलतात. त्याआधी यंत्राची गरज आहे का, हे विचारणारे फार थोडे भेटतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. तंबाखू कुठल्याही रूपात घातकच आहे. सिगारचा धूर सहसा छातीत ओढत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग त्यानेही होतो. ज्यांच्या घरी सिगार आधीपासून आहेत त्यांनी ते कसे सांभाळावेत, एवढ्यापुरतंच हे लेखन आहे. नव्याने सुरुवात करायला कुणाला यातून निमित्त मिळू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता पानाकडे येऊ. सोलापूरच्या किंवा सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बायका तेंदूचं पान आधी भिजवतात आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. कोरडं पान कात्रीखाली तडकतं, वळताना फाटतं. सिगारचं दुखणं तेच आहे, फक्त त्याला हा ओलावा वळून झाल्यावरही वर्षानुवर्षं लागतो. वजनाच्या साधारण बारा ते चौदा टक्के पाणी पानात असलं की सिगार बोटांखाली किंचित दबतो, संथ जळतो आणि त्याचं वरचं पान, म्हणजे रॅपर, शाबूत राहतं. पाणी कमी झालं की तो भराभर आणि तिखट जळतो. जास्त झालं की विझत राहतो, ओढायला जड जातो आणि शेवटी बुरशी धरतो.

पानातलं हे पाणी आजूबाजूच्या हवेच्या सापेक्ष आर्द्रतेवर ठरतं. जुना नियम सत्तर-सत्तरचा: सत्तर अंश फॅरनहाइट, म्हणजे २१ अंश सेल्सिअस, आणि सत्तर टक्के आर्द्रता. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, पण माझं मत पासष्ट टक्क्यांकडे झुकतं आणि त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे आर्द्रता तीच ठेवून तापमान उतरवलं तर पान थोडं जास्त पाणी धरतं, त्यामुळे गार कपाटातले सत्तर टक्के पानाला सत्तरहून जास्त भासतात. दुसरं म्हणजे बुरशी. पासष्ट टक्क्यांच्या खाली बुरशीची वाढ जवळजवळ थांबते, सत्तर ओलांडले की तिला हळूहळू वाव मिळू लागतो. जुन्या सिगारवरच्या पांढऱ्या भुकटीला काही जण तेलाचा 'मोहर' म्हणून कौतुकाने दाखवतात. मी तिला बुरशीच समजतो, पुसून टाकतो आणि तो सिगार बाकीच्यांतून वेगळा काढतो.

या सगळ्या प्रश्नाची किल्ली एका छोट्या हिशेबात आहे. अठ्ठावीस बाटल्यांच्या मध्यम कूलरमध्ये ऐंशी लिटरच्या आसपास हवा मावते असं धरा. अठरा अंशांना, पासष्ट टक्के आर्द्रतेला, या एवढ्या हवेत पाणी असतं जेमतेम ०.८ ग्रॅम. आता त्याच कपाटात दोनशे सिगार ठेवा, एकेक बारा ग्रॅमचा. झाली २.४ किलो तंबाखू, आणि तिच्यात पाणी सुमारे ३०० ग्रॅम. खणांच्या लाकडातलं पाणी वेगळंच. म्हणजे कपाटातलं जवळजवळ सगळं पाणी पानात आणि लाकडात असतं, हवेत नावापुरतं. दार उघडलं की आर्द्रतामापकाचा आकडा धाडकन पडतो आणि नवखा माणूस घाबरून आत पाण्याची वाटी ठेवतो. खरं तर गेलं ते अर्ध्या ग्रॅमच्या आसपास पाणी. दार लावल्यावर पान आणि लाकूड तेवढं पाणी परत हवेला देतात आणि थोड्या वेळात आकडा जागेवर येतो. म्हणून भरलेलं कपाट स्थिर असतं आणि पाच-दहा सिगारचं रिकामं कपाट दिवसभर झोके खात असतं. कपाट घेणाऱ्याने आधी आपल्या साठ्याकडे पाहावं. पंचवीस-तीस सिगारसाठी कूलर घेणं म्हणजे एका पाहुण्यासाठी कार्यालय घेण्यासारखं आहे.

गारवा मुळात कशासाठी लागतो? मुख्य कारण कीड. तंबाखूचा भुंगेरा, शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी, दोन-तीन मिलिमीटरचा, तांबूस तपकिरी. त्याची अंडी पानात डोळ्यांना दिसत नाहीत. ऊब मिळाली की अळ्या निघतात, पान पोखरतात आणि टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं पाडून पुढच्या सिगारमध्ये शिरतात. तिशीच्या आसपासचं तापमान त्याला सगळ्यात मानवतं, सुमारे १६ अंशांच्या खाली त्याची वाढ थंडावते. आपल्या घरांना हा किडा नवा नाही. मिरचीच्या पुडीत, हळकुंडात, धन्यात सापडतो तो बहुधा हाच. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत भरून, तोंड बंद करून वर्षानुवर्षं ठेवत आले आहेत. पेवात बर्फासारखी थंडी नसते. तिथे असतं ते स्थिर तापमान आणि बंद हवा. ती हवा इतकी कोंदते की पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नाही. वाइनॅडॉरचा विचार करताना मला हे पेव वारंवार आठवतं, कारण निम्मं काम बंदिस्तपणा करतो आणि कूलर विकणारा त्याबद्दल काहीच बोलत नाही.

किडीवर खात्रीचा उपाय गोठवणं हा आहे. सिगार दोन घट्ट पिशव्यांत बंद करून एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचे, मग उणे २० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये तीन-चार दिवस, मग पुन्हा एक दिवस फ्रीजमध्ये आणि शेवटी बाहेर. पिशवी पूर्ण घरच्या तापमानावर आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर गार सिगारवर दव धरतं आणि रॅपर फाटतं. एवढं केलं की अंडी आणि अळ्या मरतात. त्यानंतर तेविसावर असलेलं कपाट चोविसावर गेलं तरी जीव टांगणीला लागत नाही. मी आता घरात येणारा प्रत्येक नवा सिगार असा गोठवूनच आत ठेवतो.

आता यंत्र. वाइन कूलरच्या दोन जाती आहेत. एक कॉम्प्रेसरची, घरच्या फ्रीजसारखी. दुसरी पेल्टिए पट्टीची. ज्यां पेल्टिए हा फ्रेंच माणूस आधी घड्याळं करायचा, मग पदार्थविज्ञानाकडे वळला. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज गेली की एक सांधा गार आणि दुसरा गरम होतो, हे त्याने १८३४ मध्ये दाखवलं. आजच्या कूलरमध्ये बिस्मथ टेल्युराइडच्या छोट्या ठोकळ्यांची चौकोनी पट्टी हेच काम करते. आतल्या बाजूला गारवा, मागच्या बाजूला उष्णता, दोन्हीकडे एकेक पंखा. कॉम्प्रेसर नाही, वायू नाही, हादरे नाहीत.

पण सिगारच्या दृष्टीने यांतला मोठा फरक पाण्याचा आहे. अठरा अंशांची, पासष्ट टक्क्यांची हवा ११ अंशांच्या आसपासच्या किंवा त्याहून गार पृष्ठभागाला टेकली की दव धरू लागते. कॉम्प्रेसरची गार नळी चालू असताना याच्या कितीतरी खाली जाते. दर फेरीला ती हवेतलं पाणी ओढून घेते, फेरी संपली की ते ठिबकतं आणि मागच्या भोकातून बाहेरच्या ताटलीत जातं. दिवसातून कित्येक वेळा असं होत राहतं. पेल्टिए पट्टीचा गार पत्रा त्या मानाने सौम्य असतो. खोली चोविसाला असेल आणि कपाट अठरा-एकोणिसावर ठेवलं असेल तर तो दवबिंदूच्या आसपास राहतो आणि पाणी कमी जातं.

माझं पहिलं कपाट कॉम्प्रेसरचं होतं, जुनं घेतलेलं, दिसायला देखणं. आत सुवासिक लाकडाचे खण, वर आर्द्रतामापक, सगळं जागच्या जागी. तीन आठवड्यांनी एक सिगार हातात घेऊन कानाजवळ हलकासा दाबला तर कुरकुर ऐकू आली. खालच्या टोकाजवळ रॅपरला उभी चीर गेली होती. दुसरा घेतला, तिसरा घेतला, गार नळीजवळच्या खणातले सगळे तसेच निघाले. कपाटामागची ताटली ओढून पाहिली तर तिच्यात बोटभर पाणी. ते पाणी माझ्याच सिगारमधलं होतं. मी आत ओलावा भरत होतो आणि यंत्र तो मागच्या दाराने बाहेर टाकत होतं. त्या दिवशी मला जे समजलं ते असं: कूलर फक्त तापमान सांभाळतो, आर्द्रता तो सांभाळत नाही, उलट तिच्यावर घाला घालतो. आतलं बाकी सगळं सामान त्या घाल्याला उत्तर म्हणून असतं.

म्हणून घरगुती कपाटासाठी माझा कौल पेल्टिएच्या बाजूने आहे, पण त्याच्या मर्यादा ओळखून. ही पट्टी खोलीच्या तापमानाहून दहा-बारा अंशच खाली नेऊ शकते. खोली पस्तिसावर असेल तर कपाट तेवीस-चोविसाच्या खाली जाणार नाही आणि बिचारी पट्टी दिवसरात्र पूर्ण जोराने चालत राहील. तेवढ्याच गारव्यासाठी ती कॉम्प्रेसरपेक्षा बरीच जास्त वीज खाते. मागे चार-पाच इंच मोकळी जागा हवी, नाहीतर गरम हवा कोंडते आणि पंखा लवकर जातो. टेक्सासातल्या गॅरेजमध्ये, जिथे ऑगस्टच्या दुपारी चाळिशी सहज गाठली जाते, तिथे हा कूलर ठेवूच नये. मोठं, माणसाएवढं कपाट करायचं असेल तर कॉम्प्रेसरला पर्याय नाही. मग बाहेरून तापमान नियंत्रक जोडावा. तो भिंतीतल्या सॉकेटच्या आणि कूलरच्या मध्ये बसतो आणि कपाट २० अंशांच्या वर गेल्यावरच वीज सोडतो. त्याने फेऱ्या कमी होतात, वाळणं कमी होतं. पूर्ण थांबत मात्र नाही.

कुठल्याही यंत्रात एक नियम पाळावा: लागेल तेवढाच गारवा. वाइनसाठी कूलर बारा-तेरा अंशांवर लावलेला असतो. सिगारला ते नको. अठरा ते एकवीस पुरे. जितकं खाली जाल तितका पत्रा गार, तितकं दव जास्त आणि तितकं पाणी बाहेर.

पाणी बाहेर जाण्याच्या भोकावरून हौशी मंडळींत जुना वाद आहे. काही जण ते रबरी बुचाने बंद करतात म्हणजे ओलावा आतच राहतो. काही म्हणतात की ते उघडं असू द्या, नाहीतर तळाशी पाणी साचून बुरशी येईल. दोघांचंही खरं आहे, फक्त वेगवेगळ्या गावांत. कोरड्या हवेच्या गावी मी भोक बंद करून ठिबकणाऱ्या पाण्याखाली सिलिकाच्या मण्यांची छोटी वाटी ठेवतो. ठिबकलेलं पाणी मणी शोषतात आणि हळूहळू परत हवेला देतात, पाणी घरातल्या घरात फिरतं. ही वाटी आठवड्यातून एकदा पाहावी लागते. दमट गावी भोक उघडंच असावं, कारण तिथे पाणी बाहेर जाणं हीच गरज असते.

लाकडाबद्दल थोडा सावधपणा हवा. सिगारच्या पेट्यांना लागतं ते स्पॅनिश सीडर. ते स्पेनचं नाही आणि सीडरही नाही. सेड्रेला ओडोराटा हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं झाड, आपल्या कडुनिंबाच्या आणि महोगनीच्या कुळातलं. ओलावा घेतं आणि देतं, सहसा बुरशी धरत नाही, आणि त्याचा वास तंबाखूशी जुळतो. या झाडाची जंगलं इतकी तोडली गेली की २०२० च्या ऑगस्टपासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराखाली परवान्याचं बंधन आलं. त्याचा जवळचा भाऊ तूण आपल्याकडे उगवतो आणि त्याच्या लाकडाच्या चहाच्या आणि सिगारच्या पेट्या आपल्याकडे होत असत. नाव ऐकून कुणी हिमालयातला देवदार वापरू नये, अमेरिकेतला लाल सुगंधी सीडरही नाही. त्यांच्या तेलाचा उग्र वास सिगारमध्ये कायमचा मुरतो. खणांना पॉलिश किंवा वॉर्निश लावायचं नाही. नवं लाकूड कोरडं असतं, त्यामुळे सिगार ठेवण्याआधी दोन आठवडे त्याला ओलावा पाजावा लागतो, नाहीतर ते सिगारमधलंच पाणी पिऊन टाकतं. आणि लाकडाच्या वासाने भुंगेरा मरतो ही समजूत मनातून काढून टाकावी. पानात आधीच असलेल्या अंड्यांचं तो वास काही करत नाही.

नव्या कूलरला प्लास्टिकचा वास असतो आणि तो सिगारला लागतो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आतून पुसून, दार उघडं ठेवून आठवडाभर हवेवर टाकावा. आत चुरगळलेलं वर्तमानपत्र कोंबलं तर वास लवकर ओढला जातो. घाई केली तर पुढे वर्षभर पस्तावावं लागतं.

ओलाव्याच्या साधनांत आज दुहेरी काम करणाऱ्या पाकिटांनी बाजी मारली आहे. बोव्हेडा हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. आत मिठाचं संपृक्त द्रावण, बाहेर फक्त वाफ आरपार जाऊ देणारा पडदा. हवा कोरडी झाली की पाकीट पाणी सोडतं, दमट झाली की शोषतं. पासष्ट, एकोणसत्तर, बहात्तर असे आकडे त्यावर छापलेले असतात, लाकूड मुरवायला चौऱ्याऐंशीचं वेगळं मिळतं. ६० ग्रॅमचं एक पाकीट पंचवीस सिगारना, असा हिशेब सांगतात. गार करणाऱ्या कपाटात ही पाकिटं लवकर कडक होतात, म्हणून मोठ्या साठ्याला सिलिकाचे मणी स्वस्त पडतात. स्पंज आणि हिरवा फोम मी कुणाला सुचवत नाही. ते फक्त देतात, घेत नाहीत. पाणी वापरायचं तर डिस्टिल्डच.

आर्द्रतामापकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. त्याची परीक्षा घ्यायला घरचं मीठ पुरतं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यायचं, थेंबभर पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं, मापकासोबत घट्ट पिशवीत आठ-दहा तास ठेवायचं. आतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मापक एकाहत्तर दाखवत असेल तर तो चार टक्क्यांनी कमी दाखवतो, हे त्याच्या पाठीवर लिहून ठेवावं. माझी आई रत्नागिरीच्या घरात मिठाची बरणी पाहून सांगायची की पावसाने आता मुक्काम केला. हवेची आर्द्रता पंचाहत्तरीच्या वर गेली की मीठ पाणावतं, तिच्या सांगण्यात आणि या परीक्षेत एकच गोष्ट आहे.

कपाटात पंखा हवा का, यावर उत्तर हो असं आहे. कपाटाचा वरचा आणि खालचा भाग सारखा गार नसतो. हवेतलं पाणी तेच राहिलं आणि खण दोन अंशांनी गरम असला तर अठरा अंशांवरचे ६५ टक्के तिथे ५७ होतात. दोन अंशांनी गार खणावर तेच ७३-७४. म्हणजे एकाच कपाटात एका खणात सिगार वाळतोय आणि दुसऱ्यात बुरशीची तयारी चाललीय, असं होऊ शकतं. संगणकातला छोटा पंखा टायमर लावून अर्ध्या तासाला पाच मिनिटं फिरवला की हा फरक बराच मिटतो. मापक एकाऐवजी दोन ठेवावेत, एक वर आणि एक खाली.

आता पार्ल्याचं कपाट. जुलै, बाहेर धार लागलेली, खोलीत तीस अंश आणि पंच्याऐंशी टक्के आर्द्रता. मावसभावाने हौसेने आणलेला पेल्टिएचा कूलर दिवाणखान्यात होता आणि त्याच्या काचेच्या दाराला बाहेरून पाण्याचे ओघळ आले होते. अशा हवेचा दवबिंदू सत्तावीस अंशांना असतो, त्यामुळे अठरा अंशांच्या कपाटाची काच घामाघूम होणारच. आतली पाकिटं फुगून टम्म झाली होती. सगळ्यात खालच्या खणात, मागच्या कोपऱ्यात, तीन सिगारना करडी बुरशी लागलेली. त्याने मला विचारलं, 'दादा, मी यात पाणीसुद्धा घातलं नाही रे, मग हे कुठून आलं?' मी दाराच्या रबरी पट्टीत कागदाची चिठ्ठी धरून दार लावलं आणि ओढली. ती सहज सुटून आली. चार महिने त्या फटीतून मुंबईची हवा आत जात होती. अशी ऐंशी लिटर हवा आत गेली की दोन ग्रॅम पाणी घेऊन जाते, आणि कपाटाला अठरा अंशांना हवं असतं पाऊण ग्रॅम. उरलेलं सव्वा ग्रॅम लाकडात, पानात किंवा पत्र्यावर. एकदा दार उघडल्याने काही बिघडत नाही, रोजच्या फटीने बिघडतं.

त्या दुपारी आम्ही सगळे सिगार बाहेर काढले, बुरशीचे तीन फेकले, बाकीचे पुसले आणि घट्ट झाकणाच्या, रबरी कडेच्या दोन प्लास्टिकच्या डब्यांत पासष्टच्या नव्या पाकिटांसोबत ठेवले. ते डबे झोपण्याच्या खोलीत, जिथे रात्री एसी असतो, तिथल्या कपाटात गेले. कोकण आणि मुंबईसाठी माझा कौल हाच आहे: आधी गोठवा, मग घट्ट डबा. कूलर हवाच असेल तर तो वातानुकूलित खोलीत ठेवावा, चोविसाच्या आसपास चालवावा आणि दाराची रबरी पट्टी बदलून घ्यावी.

विदर्भात गणित वेगळं येतं आणि ते मला फार उद्बोधक वाटतं. नागपूरच्या मे महिन्यातली ४४ अंशांची, १५ टक्क्यांची हवा आपण भाजून काढणारी कोरडी म्हणतो. तीच हवा पाणी न गमावता अठरा अंशांवर आणली तर तिची आर्द्रता ६६ टक्के होते, जवळजवळ नेमकी सिगारला हवी तेवढी. पण पेल्टिए पट्टी चव्वेचाळीसवरून अठरावर येऊ शकत नाही. आणि नागपुरात कूलर म्हटलं की लोकांना वाळ्याच्या ताट्यांचा पाणी फेकणारा कूलर आठवतो. तो लावलेल्या खोलीत हवा मुळीच कोरडी नसते. तिथेही खोलीच्या आतलं माप घेतल्याशिवाय काही ठरवू नये. आणि वीज गेली तर घाबरू नये. भरलेलं कपाट, दार बंद, चार-सहा तास काही होत नाही.

न्यू जर्सीतली आपली बरीच मंडळी बेसमेंटमध्ये कूलर लावतात. तिथलं बेसमेंट मुळातच वर्षभर गार असतं, आणि हिवाळ्यात हीटिंगमुळे घर कोरडं पडतं. तिथे कूलर चालवणं म्हणजे कोरड्या घरात आणखी पाणी काढणं. कूलर बंद ठेवून, भोक बुजवून, नुसतं दाराचं कपाट म्हणून वापरला तर मात्र तो उत्तम काम देतो, कारण त्याच्या भिंती जाड आणि दार घट्ट असतं. बर्फाच्या मोठ्या प्लास्टिक पेटीनेही हेच काम होतं आणि ती कितीतरी स्वस्त मिळते.

म्हणून कूलर घेण्याआधी साध्या तापमापकाने तुमच्या खोलीचं तापमान वर्षातल्या सगळ्यात गरम आठवड्यात, दुपारी चार वाजता, सात दिवस लिहून काढा. ते चोविसाच्या खाली राहिलं तर घट्ट डबा घ्या. चोवीस ते बत्तीसच्या मध्ये असेल आणि सिगार शंभराच्या वर असतील तर पेल्टिएचा कूलर कामाचा आहे. त्याच्यावर असेल तर आधी खोलीचं काहीतरी करा.

माझं दुसरं कपाट अभ्यासिकेत आहे, खोलीच्या सगळ्यात आतल्या भिंतीला. वीस अंश, चौसष्ट ते सहासष्ट टक्के, गेली सहा वर्षं. नोव्हेंबर ते एप्रिल त्याचा प्लग काढलेला असतो. या वर्षी तो मी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात लावला.